इंग्लंडमधील शेताची कड आणि वन्य परागवाहक कीटक : संवर्धन-उपायांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

इंग्लंडमधील शेतकरी आज शासनाकडून अनुदान घेऊन शेताच्या कडेला फुलांचे पट्टे पेरतात आणि सजीव कुंपणे राखतात. रानमाश्या, फुलपाखरे इत्यादी वन्य परागवाहक कीटकांना आसरा व अन्न मिळावे, हा त्यामागील प्रमुख हेतूंपैकी एक आहे. एकेकाळी हीच फुले आणि हीच कुंपणे कोणत्याही अनुदानाशिवाय शेतीव्यवहाराचा स्वाभाविक भाग होती. ती शेतीतून का गेली आणि पुन्हा आणताना कोणत्या मर्यादा जाणवल्या, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. परागवाहक कीटकांचे भवितव्य हे कीटकप्रेमापेक्षा शेतीच्या अर्थकारणावर आणि राज्यसंस्थेच्या धोरणावर अधिक अवलंबून राहिले, असे या इतिहासावरून दिसून येते.

बीजशब्द : सजीव कुंपण, कुंपणबंदी, तांबडा क्लोव्हर, बम्बलबी, कृषी-पर्यावरण योजना.

प्रस्तावना

आधुनिक युरोपच्या इतिहासाचे अध्यापन करताना इंग्लंडमधील कृषिक्रांती आणि एन्क्लोजर, म्हणजेच कुंपणबंदी, हे विषय आपण सामाजिक व आर्थिक अंगाने शिकवितो. सामाईक जमिनीवरील हक्क गमावलेला गरीब शेतकरी, मोठ्या जमीनदारांचा उदय आणि औद्योगिक शहरांकडे झालेले स्थलांतर यांची चर्चा वर्गात होते. मात्र या बदलांचा परिणाम शेतात वावरणाऱ्या इतर जीवसृष्टीवर काय झाला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पर्यावरणाचा इतिहास ही ज्ञानशाखा गेल्या काही दशकांत विकसित झाल्यामुळे अशा प्रश्नांकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष वळू लागले आहे.

परागीभवन म्हटले की सर्वसामान्यपणे पाळीव मधमाशी डोळ्यांसमोर येते. वस्तुतः ब्रिटनमध्ये माश्यांच्या सुमारे २७० जाती आढळतात आणि मधाची पाळीव माशी ही त्यांपैकी केवळ एक आहे. उर्वरित बहुसंख्य माश्या एकट्या राहतात. कोणी उघड्या मातीत बीळ करते, कोणी पोकळ काडीत घर करते. केसाळ व जाड अंगाच्या बम्बलबीच्या सुमारे २४ जाती तेथे आहेत. त्या लहान वसाहती करून राहतात आणि अनेकदा उंदरांच्या सोडलेल्या बिळात किंवा गवताच्या झुबक्यात घरटे करतात. या सर्वांना दोन गोष्टींची गरज असते : वसंत ऋतूपासून उन्हाळा सरेपर्यंत सलग मिळणारी फुले आणि नांगर न लागलेली जागा. शेताची कड आणि गवताळ कुरण या दोन ठिकाणी त्यांच्या दोन्ही गरजा भागत असत.

उद्दिष्टे व पद्धती

१. इंग्लंडमधील सजीव कुंपणे व फुलांची कुरणे यांची निर्मिती आणि ऱ्हास यांची कारणे पाहणे. २. शेतजमिनीवरील संवर्धन-उपायांचा विकास कालक्रमाने मांडणे. ३. या उपायांच्या यशापयशाचे ऐतिहासिक मूल्यमापन करणे. लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, शासकीय योजना आणि प्रकाशित शास्त्रीय अभ्यास यांचा आधार घेतला आहे. अभ्यासाची व्याप्ती प्रामुख्याने इंग्लंडपुरती मर्यादित आहे.

कुंपणबंदी आणि सजीव कुंपणांची निर्मिती

इ. स. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या संसदेने कुंपणबंदीचे ५,२०० हून अधिक कायदे संमत केले. त्यांच्या अंमलाखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक जमीन आली. वाटणी झालेल्या प्रत्येक तुकड्याला कुंपण घालणे मालकावर बंधनकारक असे. दगड मुबलक असलेल्या उत्तरेकडील डोंगराळ भागात दगडी गडगे उभे राहिले, तर मध्य इंग्लंडच्या मैदानात हॉथॉर्न या काटेरी झुडपाची रोपे ओळीने लावण्यात आली. कोकणात ज्याला वई म्हणतात, त्याच प्रकारचे हे सजीव कुंपण होय.

इंग्लंडच्या ग्रामीण भूप्रदेशाचे इतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांच्या अंदाजानुसार १७५० ते १८५० या शंभर वर्षांत सुमारे २ लाख मैल लांबीची कुंपणे लावली गेली. त्याआधीची कुंपणेही काही भागांत होतीच. १९७४ मध्ये पोलार्ड, हूपर आणि मूर या तीन संशोधकांनी 'हेजेस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कुंपणातील झाडाझुडपांच्या जातींच्या संख्येवरून त्याचे वय अजमावण्याची हूपर यांची पद्धत त्यामुळे सर्वपरिचित झाली. त्या पद्धतीच्या अचूकतेविषयी पुढे मतभेद झाले, तथापि कुंपण हे इतिहासाचे साधन आहे, ही जाणीव तिने रुजविली.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. कुंपणे लावणाऱ्यांच्या मनात माश्यांचा विचार नव्हता. मालकीची सीमा आखणे आणि जनावरे आवरणे एवढाच त्यांचा हेतू होता. ज्यांचे सामाईक चराईचे हक्क गेले, त्यांच्या दृष्टीने तर ते कुंपण अन्यायाचे प्रतीक होते. असे असले तरी हॉथॉर्न मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी बहरे, पुढे ब्लॅकबेरीच्या वेली फुलत आणि कुंपणाच्या बुडाशी न नांगरलेली मातीची पट्टी शिल्लक राही. परागवाहक कीटकांना मिळालेला आसरा हा या मालकी-व्यवस्थेचा अनपेक्षित परिणाम होता.

तांबडा क्लोव्हर : पीक आणि माशी यांचे नाते

फुलांचा दुसरा मोठा स्रोत थेट पिकातून आला. सतराव्या शतकात सर रिचर्ड वेस्टन यांनी क्लोव्हरच्या लागवडीचा पुरस्कार केला. पुढे गहू, सलगम, बार्ली आणि क्लोव्हर अशी चार वर्षांची फेरपालट नॉरफोक परगण्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. आपल्याकडे चाऱ्यासाठी घेतल्या जाणाऱ्या बरसीमचे आणि क्लोव्हरचे कूळ एकच आहे. हे द्विदल पीक हवेतील नत्र जमिनीत साठविते, जमिनीचा कस वाढविते आणि घोड्यांना व गुरांना उत्तम वैरण पुरविते.

तांबड्या क्लोव्हरच्या फुलाची नळी खोल असते. त्यातील मकरंद लांब जिभेच्या बम्बलबीला सहज मिळतो आणि त्या प्रयत्नात परागीभवन होते. चार्ल्स डार्विन यांनी 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' (१८५९) या ग्रंथात या नात्याची चर्चा केली. बम्बलबीची घरटी उंदीर नष्ट करतात आणि गावाजवळ मांजरांमुळे उंदीर कमी असतात. म्हणून मांजरांच्या संख्येचा संबंध अप्रत्यक्षपणे क्लोव्हरच्या फुलांशी पोहोचतो, असे त्यांचे सुप्रसिद्ध विवेचन आहे. ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत त्यांनी आपल्या प्रयोगाचे आकडेही दिले : माश्यांना खुल्या असलेल्या तांबड्या क्लोव्हरच्या १०० बोंडांतून २,७०० बिया मिळाल्या, तर झाकून ठेवलेल्या तितक्याच बोंडांतून एकही मिळाली नाही.

या नात्याचे आर्थिक मूल्य न्यूझीलंडमधील वसाहतवाल्यांना लवकरच उमगले. तेथे क्लोव्हर उगवे, परंतु त्याचे बी पुरेसे धरत नसे; ते आयात करावे लागे. अखेरीस इंग्लंडहून बम्बलबीच्या राण्या शीतगृहाची सोय असलेल्या जहाजातून पाठविण्यात आल्या आणि १८८५ मध्ये कँटरबरी भागात त्या यशस्वीपणे सोडण्यात आल्या. कालांतराने चार जाती तेथे स्थिरावल्या. एका रानटी माशीसाठी अर्ध्या जगाचा प्रवास घडविला गेला, कारण तिच्यावाचून शेतकऱ्याचे नुकसान होत होते. संवर्धनाच्या इतिहासात हा प्रसंग महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण येथे माशीचे हित आणि शेतकऱ्याचे हित एकच होते.

युद्ध, अन्नधान्य आणि नांगरट

विसाव्या शतकात हे ऐक्य क्रमाक्रमाने भंग पावले. कृत्रिम नत्रखते उपलब्ध झाल्यावर जमिनीचा कस राखण्यासाठी क्लोव्हरची गरज उरली नाही. ट्रॅक्टर आल्यावर घोडे गेले आणि घोड्यांच्या वैरणीचे क्षेत्रही गेले. वाळलेल्या गवताची जागा मुरघासाने घेतली. वाळवणासाठी गवत उन्हाळ्याच्या मध्यावर, फुले येऊन गेल्यावर कापले जाई. मुरघासासाठी ते मे महिन्यातच, फुले येण्यापूर्वी कापले जाऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रक्रियेला गती दिली. आयात धान्यावर विसंबून असलेल्या ब्रिटनला जर्मन पाणबुड्यांमुळे उपासमारीचे भय वाटू लागले. १९३९ मध्ये कायमस्वरूपी गवताळ जमीन नांगरण्यासाठी एकरी २ पौंड अनुदान जाहीर झाले आणि प्रत्येक परगण्यात युद्धकालीन कृषी समित्या नेमण्यात आल्या. त्या परिस्थितीत हा निर्णय अपरिहार्य होता, हे मान्य करावे लागेल. परंतु युद्ध संपल्यावरही दिशा बदलली नाही. १९४७ च्या कृषी कायद्याने पिकांना हमीभाव दिला. याच दशकात रुंद पानांची तणे मारणारी नवी रासायनिक तणनाशके आली. मोठ्या यंत्रांना लहान शेते अडचणीची ठरू लागली आणि कुंपणे उपटण्यासाठी शासनानेच अनुदान दिले. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाल्यावर उत्पादनाशी जोडलेल्या आधारभावाने हाच कल दृढ केला.

याचे परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतात. इंग्लंड व वेल्समधील सखल प्रदेशातील फुलांनी समृद्ध अशा पारंपरिक कुरणांपैकी ९७ टक्के कुरणे १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत नाहीशी झाली. १९८४ ते १९९० या अवघ्या सहा वर्षांत इंग्लंडमधील कुंपणांची लांबी सुमारे एकपंचमांशाने घटली. मात्र ही सर्वच कुंपणे उपटली गेली नाहीत. निगा न राखल्यामुळे अनेक कुंपणांची नुसती विरळ झाडांची रांग झाली. कुंपणाचे प्रयोजन संपले, की उपटणे आणि दुर्लक्ष करणे या दोन्हींचा शेवट एकच होतो.

संवर्धन-धोरणाचा उदय

१९८० च्या दशकात विरोधाभास उघड झाला. युरोपीय समुदायाकडे धान्य व लोण्याचे साठे पडून राहिले आणि तरीही अधिक उत्पादनासाठी पैसा दिला जात होता. १९८४ मध्ये नॉरफोकमधील हॅल्व्हरगेट या पाणथळ कुरणाच्या नांगरटीवरून वाद पेटला. कुरण मोडण्यासाठी अनुदान मिळते, मग राखण्यासाठी का नाही, असा प्रश्न त्यातून पुढे आला. पुढील वर्षी तेथे चराईचे कुरण राखणाऱ्यांना मोबदला देण्याचा प्रयोग झाला. १९८६ च्या कृषी कायद्याने त्यास व्यापक रूप दिले आणि १९८७ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे घोषित होऊ लागली. १९९१ मध्ये 'कंट्रीसाइड स्टुअर्डशिप' ही योजना सुरू झाली. १९९७ च्या नियमांन्वये २० मीटरहून लांब असलेले ग्रामीण कुंपण उपटण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाला सूचना देणे आवश्यक ठरले आणि ३० वर्षांहून जुन्या, महत्त्वाच्या कुंपणांना संरक्षण मिळाले.

या टप्प्यावर परागवाहक कीटक धोरणाच्या केंद्रस्थानी नव्हते. भूदृश्य, पक्षी आणि अतिरिक्त उत्पादन हे प्रमुख विषय होते. १९९२ च्या जैवविविधता करारानंतर ब्रिटनने १९९४ मध्ये कृती आराखडा केला आणि काही दुर्मिळ बम्बलबींचा समावेश संरक्षणयोग्य जातींत झाला. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'एन्व्हायर्न्मेंटल स्टुअर्डशिप' योजनेत प्राथमिक स्तरावर शेतकऱ्याला निरनिराळे उपाय निवडून हेक्टरी ३० गुण मिळवावे लागत आणि त्याबद्दल हेक्टरी ३० पौंड मिळत. 'मकरंदाच्या फुलांचे मिश्रण' पेरणे हा त्यांतील एक स्वतंत्र उपाय होता. पुढील वर्षी, २००६ मध्ये, प्रा. डेव्ह गोल्सन यांच्या पुढाकाराने बम्बलबी संवर्धनासाठी स्वतंत्र न्यास स्थापन झाला.

उपायांची परीक्षा

योजना लोकप्रिय झाली, तथापि तिची एक मर्यादा लवकरच दिसून आली. बहुतेक शेतकऱ्यांनी असे उपाय निवडले, ज्यांत नेहमीच्या कामात फारसा बदल करावा लागत नव्हता. उदाहरणार्थ, असलेले कुंपण राखणे किंवा कडेला साधे गवत सोडणे. फुलांचे मिश्रण पेरणारे त्या मानाने थोडे होते. क्लेअर कार्व्हेल व सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासानुसार नुसत्या गवताच्या पट्ट्यापेक्षा क्लोव्हरसारख्या द्विदल फुलांच्या पट्ट्यावर बम्बलबी कितीतरी अधिक संख्येने येतात. अर्थात, संवर्धनाच्या नावाखाली राखलेली प्रत्येक कड माशीच्या उपयोगी पडेलच असे नाही. तसेच, या अभ्यासातील सर्वांत उपयुक्त फूल हे नॉरफोकच्या फेरपालटीतलेच जुने पीक होते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरा महत्त्वाचा प्रयोग बकिंगहॅमशायरमधील हिल्सडेन येथील व्यापारी शेतावर झाला. शेताच्या कडेची ३ टक्के व ८ टक्के जमीन पिकातून काढून तेथे फुलांचे व इतर अधिवास तयार करण्यात आले. रिचर्ड पायवेल व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांच्या फेरपालटीत शेताचे एकूण उत्पन्न घटले नाही. परागीभवनावर अवलंबून असलेल्या घेवडावर्गीय पिकाचे उत्पादन तर वाढले. शेताच्या कडेला पीक एरवीही कमी येते, हे त्याचे एक कारण होय. 'फुले की धान्य' असा पर्याय नेहमीच अटळ नसतो, हे या प्रयोगाने दाखविले.

एका माशीचे पुनरागमन

आखूड केसांची बम्बलबी ही जात एकेकाळी दक्षिण इंग्लंडमध्ये आढळत असे. १९८८ मध्ये केंट परगण्यातील डंजनेस येथे तिची अखेरची नोंद झाली आणि २००० मध्ये ती ब्रिटनमधून नामशेष झाल्याचे घोषित करण्यात आले. मात्र १८८५ मध्ये न्यूझीलंडला गेलेल्या चार जातींत ही जात होती आणि तेथे ती टिकून होती. प्रथम तेथूनच तिला परत आणण्याचा विचार झाला. परंतु त्या समूहातील आनुवंशिक वैविध्य कमी असल्याने आणि इतर अडचणींमुळे तो सोडावा लागला. अखेर २०१२ पासून स्वीडनमधील राण्या आणून डंजनेस येथे सोडण्यात आल्या. २०१३ मध्ये कामकरी माश्या दिसल्या, म्हणजे घरटी झाली होती. तरीही कायमस्वरूपी वसाहत स्थापन होऊ शकली नाही. या निमित्ताने परिसरातील शेतकऱ्यांनी फुलांचे क्षेत्र वाढविले आणि त्याचा लाभ इतर दुर्मिळ बम्बलबींना झाला, हे फलित कमी महत्त्वाचे नाही. परंतु एकदा गमावलेली जात परत आणणे किती दुष्कर असते, हेही या प्रयत्नाने सिद्ध केले.

अलीकडील घडामोडी

२०१४ मध्ये इंग्लंडसाठी दहा वर्षांचे राष्ट्रीय परागवाहक धोरण जाहीर झाले. युरोपीय संघाने २०१३ मध्ये तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांवर फुलणाऱ्या पिकांपुरते निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये त्यांचा उघड्या शेतातील वापर बंद केला. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने शर्करा-बीट पिकासाठी २०२२, २०२३ व २०२४ मध्ये त्यांपैकी एकाला आपत्कालीन परवानगी दिली. २०२५ मध्ये ती नाकारण्यात आली. २०२० च्या कृषी कायद्याने सार्वजनिक हिताच्या कामासाठीच सार्वजनिक पैसा, हे तत्त्व स्वीकारले आणि २०२२ पासून नवी प्रोत्साहन योजना आली. तीत फुलांच्या पट्ट्यांना चांगला मोबदला होता.

तथापि या काळात धोरणाची अस्थिरताही दिसून आली. १९८८ मध्ये ऐच्छिक आणि १९९२ पासून सक्तीने जमीन पडीक ठेवण्याची जी तरतूद होती, ती धान्याचे भाव चढताच २००८ मध्ये रद्द झाली होती. युरोपीय अनुदानाशी जोडलेले कुंपणविषयक नियम २०२३ अखेर संपुष्टात आले आणि त्यांची जागा घेणारे नवे नियम मे २०२४ मध्ये लागू झाले. मधले काही महिने त्या नियमांचे संरक्षण उरले नव्हते. ११ मार्च २०२५ रोजी निधी संपल्याचे सांगून नव्या योजनेतील अर्ज अचानक बंद करण्यात आले. फुलांचा पट्टा रुजायला आणि माश्यांची संख्या वाढायला अनेक वर्षे लागतात; अंदाजपत्रक मात्र वर्षावर्षाला बदलते.

निष्कर्ष

१. इंग्लंडमधील शेताच्या कडेची फुले ही कोणाच्या संवर्धन-हेतूतून निर्माण झाली नव्हती. मालकी, चराई, वैरण आणि जमिनीचा कस या गरजांतून ती आली आणि त्या गरजा संपताच गेली.

२. ऱ्हासात राज्यसंस्थेचा वाटा मोठा होता. नांगरटीसाठी व कुंपणे उपटण्यासाठी ज्या सार्वजनिक तिजोरीतून पैसा गेला, तिलाच पुढे ती पुन्हा उभी करण्याचा खर्च सोसावा लागला. त्यामुळे ऱ्हासाचा सर्व दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याने त्या त्या काळच्या शासनाचे ऐकले.

३. योग्य फुले, पुरेसे क्षेत्र आणि कमी कीटकनाशके या अटी पाळल्यास उपाय परिणामकारक ठरतात. केवळ नावापुरत्या राखलेल्या कडेचा उपयोग मर्यादित असतो.

४. अनुदानाने उपयुक्ततेची जागा घेतली आहे, परंतु अनुदान हे उपयुक्ततेइतके स्थिर नसते. हिल्सडेनचा प्रयोग आणि क्लोव्हरचा जुना इतिहास या दोहोंचा रोख एकाच दिशेने आहे : फूल जेव्हा शेतीच्या हिशेबात बसते, तेव्हा माशीला वेगळ्या संरक्षणाची गरज कमी भासते.

न्यूझीलंडच्या शेतकऱ्याने १८८५ मध्ये माशी दूरदेशाहून आणविली, तेव्हा तिच्यावाचून होणारे नुकसान त्याला स्वतःच्या शेतात मोजता येत होते. इंग्लंडमध्ये तिच्या नसण्याचे मोल पुढे खतांनी, यंत्रांनी आणि हमीभावांनी दीर्घकाळ झाकून टाकले. ते मोल शेतकऱ्याच्या आणि शासनाच्याही जमाखर्चात पुन्हा दिसू लागेल अशी व्यवस्था करणे, हे संवर्धन-धोरणापुढील खरे आव्हान आहे. त्यासाठी जीवशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या जोडीला इतिहासाचीही साक्ष काढली गेली पाहिजे.